सांगोला विधानसभा मतदारसंघ

महाराष्ट्र राज्याच्या सोलापूर जिल्ह्यातील एक अराखीव मतदारसंघ. विधानसभेच्या २८८ मतदारसंघांत याचा अनुक्रमांक २५३ आहे. २००८ च्या पुनर्रचनेनुसार संपूर्ण सांगोला तालुका व पंढरपूर तालुक्यातील भाळवणी महसूल मंडळ यांचा त्यात अंतर्भाव होतो. पूर्वी पंढरपूर या राखीव लोकसभा मतदारसंघात असलेला हा प्रदेश याच पुनर्रचनेत माढा लोकसभा मतदारसंघास जोडण्यात आला. एकाच व्यक्तीस अकरा वेळा निवडून देणारा मतदारसंघ म्हणून त्याचा लौकिक आहे.

भूवर्णन : सांगोला तालुका जिल्ह्याच्या नैर्ऋत्य भागात असून त्याच्या पश्चिमेस व दक्षिणेस सांगली जिल्हा, उत्तरेस माळशिरस व पंढरपूर आणि पूर्वेस मंगळवेढा हे तालुके आहेत. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील हा प्रदेश माणदेशाचा भाग होय. वार्षिक पर्जन्य सु. ५० सेंमी. किंवा त्याहून कमी असून तो अत्यंत अनिश्चित असतो. सातारा जिल्ह्यातून येणारी माण ही प्रमुख नदी वर्षाचा बहुतेक काळ कोरडी असते. तिच्या एका उपनदीचे तर नावच कोरडा आहे. जमीन हलकी व मुरमाड असल्याने ज्वारी, बाजरी ही कोरडवाहू पिके, मेंढपाळी व खिलार जनावरांची पैदास यांवर लोकांचा निर्वाह चाले. लोकसंख्येत धनगर व मराठा या समाजांचे प्रमाण मोठे आहे. १९९० मध्ये रोजगार हमीशी निगडित फळबाग योजना सुरू झाल्यावर डाळिंब व बोर यांची लागवड झपाट्याने वाढली. शंभरावी किसान रेल्वे २८ डिसेंबर २०२० रोजी सांगोला येथूनच पश्चिम बंगालमधील शालिमारकडे रवाना झाली. तेल्या व मर या रोगांमुळे मात्र डाळिंबबागांची मोठी हानी झाली आहे.

निवडणुकांचा इतिहास : महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतरच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत (१९६२) येथून शेतकरी कामगार पक्षाचे उमेदवार, पेशाने वकील असलेले गणपतराव देशमुख निवडून आले. १९६७ मध्ये त्यांनी जागा राखली. १९७२ मध्ये ती काँग्रेसकडे गेली. परंतु १९७४ च्या पोटनिवडणुकीत देशमुख पुन्हा विजयी झाले व १९७८, १९८०, १९८५ आणि १९९० या निवडणुकांतही त्यांनी यश मिळविले. १९९५ मध्ये काँग्रेसचे शहाजीबापू पाटील यांनी त्यांचा अवघ्या १९२ मतांनी पराभव केला. त्यानंतर १९९९, २००४, २००९ व २०१४ असे सलग चार विजय मिळवून देशमुखांनी अकरा विजयांची संख्या पूर्ण केली. १९७८ च्या शरद पवार व १९९९ च्या विलासराव देशमुख मंत्रिमंडळांत ते मंत्री होते. एरवी त्यांचा बहुतेक काळ विरोधी बाकांवर गेला.

राज्यात अन्यत्र या पक्षाचा प्रभाव ओसरत असता सांगोल्यात तो का टिकला, याचे उत्तर बव्हंशी पाण्याच्या प्रश्नात आढळते. सत्तेबाहेरील आमदारास सरकारी निधीच्या बळावर मतदार बांधून ठेवता येत नाहीत. देशमुखांनी त्याऐवजी सहकार व चळवळ या दोन मार्गांचा अवलंब केला. सांगोल्याची शेतकरी सहकारी सूतगिरणी हे पहिल्या मार्गाचे फलित होय. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी यांच्या पुढाकाराने १९९३ पासून आटपाडी येथे भरलेल्या पाणी परिषदांतील त्यांचा सहभाग हे दुसऱ्याचे उदाहरण. कृष्णेचे पाणी दक्षिण महाराष्ट्रातील तेरा दुष्काळी तालुक्यांस मिळावे, ही या परिषदांची मागणी होती. टेंभू व म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांद्वारे कृष्णेचे पाणी पुढे सांगोला तालुक्याच्या काही भागांत पोहोचले.

वयोमानामुळे देशमुखांनी २०१९ ची निवडणूक लढविली नाही. तीत शिवसेनेचे शहाजीबापू पाटील यांनी त्यांचे नातू अनिकेत देशमुख यांच्यावर ७६८ मतांनी निसटता विजय मिळविला. गणपतराव देशमुख ३० जुलै २०२१ रोजी निधन पावले. २०२२ मधील शिवसेनेच्या फुटीत पाटील एकनाथ शिंदे यांच्या गटात गेले. २०२४ च्या तिरंगी लढतीत देशमुखांचे दुसरे नातू बाबासाहेब देशमुख यांनी पाटील आणि शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे) पक्षाचे दीपक साळुंखे यांचा पराभव केला. त्या विधानसभेत शेतकरी कामगार पक्षास मिळालेली ही एकमेव जागा होय.

अकरा विजयांमुळे हा मतदारसंघ एकतर्फी होता असा समज होतो. तो यथार्थ नाही. १९९५ व २०१९ मधील निकाल एक हजाराहूनही कमी मतांनी लागले, यावरून येथील मतदारांनी आपला कौल कोणासही कायमचा दिलेला नव्हता, हे स्पष्ट होते. कालव्याचे पाणी पोहोचलेली व न पोहोचलेली गावे असा भेद आता निर्माण झाला असून पाणी मिळविण्याच्या जुन्या प्रश्नाबरोबरच त्याच्या समन्यायी वाटपाचा प्रश्नही येथील राजकारणात महत्त्वाचा ठरला आहे.