कार्ल्याच्या खांबावर सोपाऱ्याचं नाव

नवलाख उंबऱ्याहून तळेगावमार्गे जुन्या महामार्गाला लागलं की कामशेतच्या पुढे कार्ला येतं. मावळात समुद्र नाही. तरीही इथल्या लेण्यांबद्दलचे गैरसमज दूर करायचे तर नजर बंदरांकडेच वळवावी लागते.

गैरसमज: ही लेणी पांडवांनी एका रात्रीत कोरली.

कार्ल्याच्या पायऱ्यांवर हे हमखास कानी पडतं. खरं उत्तर चैत्यगृहातच, ब्राह्मी लिपीत आहे. तिथल्या लेखातली वैजयंती म्हणजे आजच्या कर्नाटकातलं बनवासी. तिथल्या भूतपाल श्रेष्ठीनं हे शैलगृह पूर्ण केलं आणि जंबुद्वीपात ते सर्वोत्तम असल्याचं बिनदिक्कत कोरवून घेतलं. लेणं पाहिल्यावर त्या बढाईला हरकत घ्यावीशी वाटत नाही. दाराच्या कामासाठी धेनुकाकटच्या सिंहदत्त नावाच्या अत्तरवाल्यानं दान दिलं. बरेच खांब तिथल्याच यवनांचे, म्हणजे पश्चिमेकडून आलेल्या परकीयांचे. एक खांब मात्र सोपाऱ्याच्या सातिमित या भिक्षूचा आहे. हे सोपारा म्हणजे आजचं नालासोपारा, त्या काळचं गजबजलेलं बंदर.

गैरसमज: भिक्षूंनी जगापासून दूर, आडरानात लेणी खोदली.

उलट, ती घाटवाटेच्या उशाशी आहेत. सोपारा, कल्याण, चौल इथला माल बोरघाटानं वर चढे. तांडे इथूनच जात आणि दानही त्यांच्याकडूनच येई. नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात यानं तर इथल्या भिक्षूंसाठी एक अख्खं गाव दिल्याचा लेख आहे.

गैरसमज: छताच्या लाकडी कमानी इंग्रजांच्या दुरुस्तीतल्या.

त्या सागवानाच्या आणि मूळच्या आहेत. छताचा भार त्यांच्यावर नाही. पूर्वीच्या लाकडी इमारतींचं रूप दगडात आणताना त्या बसवल्या. दोन हजार वर्षांचं सागवान! माना वर करून पाहणारे मात्र थोडेच.

गैरसमज: जवळच्या भाजे लेण्यांतल्या शिल्पातली बाई तबला वाजवते.

ती तालवाद्यांची जोडी वाजवते, हे खरं. पण आजचा तबला घडला अठराव्या शतकात.

आता चैत्यासमोरच मंदिर असलेली एकवीरा. कोळ्यांची देवी डोंगरात कशी, असं अनेकांना वाटतं. चैत्रात मुंबई-रायगडच्या किनाऱ्यावरून आगरी-कोळी पालख्या घेऊन येतात. सातिमितापासून त्यांच्यापर्यंत सरळ वारसा जोडायला पुरावा नाही आणि ओढूनताणून तो जोडूही नये. किनारा आणि घाटमाथा यांची ये-जा मात्र जुनीच आहे. चैत्यासमोर आज एकच सिंहस्तंभ उभा आहे. त्याचा जोडीदार मंदिराच्या जागी असावा, असं अभ्यासक मानतात.

कार्ल्याचं तोंड पश्चिमेला आहे, म्हणून तिथं दुपार कलल्यावर जा. तेव्हा पिंपळपानी गवाक्षातून ऊन आत उतरतं. जवळच्या बेडसे लेण्याचं तोंड पूर्वेला, तिथं सकाळ गाठा. आणि खांबावरच्या अक्षरांना हात लावू नका.