रेनॉल्ट की रेनो? वादातून संशोधनाचा प्रश्न कसा काढायचा

'पेट' पास झालेले विद्यार्थी सगळ्यात जास्त वेळा विचारतात तो प्रश्न म्हणजे "विषय कसा निवडू?" आज त्याचं उत्तर देताना मी मुद्दाम माझ्या विषयाबाहेरचं उदाहरण घेतोय. स्वतःच्या विषयात आपण मोठमोठ्या शब्दांच्या आड लपू शकतो. परक्या विषयात ती सोय नसते, त्यामुळे प्रश्न कच्चा आहे की पक्का हे लगेच दिसतं.

उदाहरण गाड्यांचं आहे. अकोला असो की अमरावती, गाड्यांचा शौक असलेली चार पोरं टपरीवर जमली की पाचव्या मिनिटाला वाद सुरू होतो. "अबे रेनॉल्ट नाई, रेनो म्हन." "कायले? इथं एल अन् टी लिहेल हाय ना!" मग पोर्श की पोर्शे, ऑडी की आउडी, ह्युंदाई की हुंडई. शेवटी कोणीतरी मोबाईल काढतो, व्हिडिओ लावतो, आणि ज्याचा उच्चार जुळला तो जिंकतो.

आता तुम्ही संशोधक म्हणून या वादाकडे बघा. "रेनॉल्टचा बरोबर उच्चार कोणता?" हा संशोधनाचा प्रश्न होईल का? या रूपात होणार नाही. 'बरोबर' म्हणजे काय, हे ठरवल्याशिवाय त्याचं उत्तर तपासताच येत नाही. आरआरसीसमोर सिनॉप्सिस घेऊन गेलात, तर पहिल्याच मिनिटाला कोणीतरी हेच विचारेल.

'बरोबर'चे इथे निदान तीन अर्थ आहेत. नाव ज्या भाषेतून आलं त्या भाषेतला उच्चार हा एक. फ्रेंच माणूस साधारण 'रनो' म्हणतो. कंपनी आपल्या देशातल्या जाहिरातीत जो वापरते तो दुसरा, म्हणजे 'रेनो'. आणि इथले लोक रोज बोलतात तो तिसरा, 'रेनॉल्ट'. तिन्हींचा पुरावा वेगळ्या ठिकाणी शोधावा लागतो. टपरीवर वाद मिटत नाही, कारण एकजण पहिल्या अर्थाने बोलत असतो, दुसरा तिसऱ्या, आणि दोघांनाही ते माहीत नसतं. शोधनिबंध वाचताना असे वाद तुम्हाला पुष्कळ भेटतील.

"मग कंपनी म्हणते तेच खरं धरा ना!" असं कोणी म्हणेल. ते तरी टिकतं का बघू. कोरियन भाषेत ह्युंदाईचा अर्थ 'आधुनिक', आणि उच्चार 'ह्यॉन-दे'च्या जवळचा. अमेरिकेत कंपनीने स्वतःच जाहिरात केली की आमचं नाव 'संडे'शी यमक जुळवून म्हणा. ब्रिटनमध्ये लोक वर्षानुवर्षं वेगळंच काहीतरी म्हणत होते, तेव्हा २०२३ मध्ये कंपनीने उच्चार दुरुस्त करणारी जाहिरात काढली. आपल्याकडे 'हुंडई' आणि 'ह्युंदाई' दोन्ही चालतात, त्यातला 'दाई' तर सरळ इंग्रजी स्पेलिंगवरून आलाय. म्हणजे एकाच कंपनीचे देशागणिक वेगळे उच्चार.

टोयोटाची गोष्ट याहून मजेशीर आहे. संस्थापक घराण्याचं आडनाव तोयोदा. १९३६ मध्ये बोधचिन्हासाठी स्पर्धा घेतली आणि त्यानंतर 'दा'चा 'ता' केला. जपानी काताकाना लिपीत 'तोयोता' लिहायला आठ रेघा लागतात आणि आठ हा आकडा तिकडे शुभ मानतात, हे त्यामागचं एक कारण सांगितलं जातं. पुढच्या वर्षी कंपनी त्याच नावाने उभी राहिली. मालकाच्या नावाचा उच्चार मालकानेच बदलला! माझदाचे संस्थापक मात्सुदा. जपानमध्ये ही कंपनी आजही 'मात्सुदा'च म्हटली जाते, 'माझदा' हे बाहेरच्यांसाठीचं रूप. 'मूळ उच्चार' ही वस्तू वाटते तितकी घट्ट नाही.

इथपर्यंत आपण फक्त प्रश्न साफ केला. आता गृहीतक मांडू.

वर मी 'तोयोता' लिहिलं, ते चुकून नाही. जपानी 'त' हा आपल्या 'ताट'मधल्या 'त'च्या जवळचा आहे. म्हणजे मूळ आवाज मराठीत होताच, तरी आपण 'टोयोटा' म्हणतो. का? कारण नाव आपल्याकडे इंग्रजीतून आलं. इंग्रजी 'टी' म्हणताना जीभ दातांना लागत नाही, दातांमागच्या हिरडीला लागते. आपल्या कानाला तो आवाज 'ट'च्या जवळचा वाटतो. टेबल, टायर, टाइम, सगळीकडे 'ट'. याउलट पोर्तुगीजांकडून आलेल्या फीत, पिस्तूल या शब्दांत 'त' राहिला. आणि गॅरेजमध्ये ज्याच्यासमोर हा सगळा वाद चालतो तो मिस्त्री? तोही पोर्तुगीज 'मेस्त्रे'वरूनच आलाय. त्याच्या उच्चारावर मात्र कोणी वाद घालत नाही.

तर गृहीतक असं: परकं नाव कोणत्या देशाचं आहे यापेक्षा ते कोणत्या भाषेच्या वाटेने आलं, यावर आपला उच्चार ठरतो. चांगलं गृहीतक आहे, कारण ते खोटं ठरू शकतं. लगेच एक उदाहरण आडवं येतं: बटाटा. तोही पोर्तुगीज 'बताता'वरून आलाय, पण आपण 'ट' केला. शेवरलेटच्या एका गाडीला लोक 'टवेरा' म्हणतात आणि 'तवेरा'ही म्हणतात. अशी उदाहरणं लपवू नका. प्रबंधातलं सगळ्यात वाचनीय प्रकरण बहुतेक वेळा त्यांच्यातूनच निघतं.

आता पोर्शेकडे येऊ, कारण मला या सगळ्यात तीच जागा सगळ्यात महत्त्वाची वाटते. फर्डिनांड पोर्शे हे संस्थापकाचं नाव, आणि जर्मनमध्ये शेवटचा 'ए' बोलला जातो. म्हणजे 'पोर्शे'. थोडंफार इंग्रजी शिकलेला माणूस शिकलेला नियम लावतो: शेवटचा 'ई' सायलेंट. आणि ऐटीत 'पोर्श' म्हणतो. ज्याला हा नियमच माहीत नाही, तो देवनागरीच्या सवयीने दिसेल ते अक्षर वाचतो आणि मूळ उच्चाराच्या जास्त जवळ पोचतो. हसू मात्र त्याचंच होतं. फियाटचंही तसंच. इटालियन नावातला 'आ' आपल्या आजोबांच्या 'फियाट'मध्ये जसाच्या तसा आहे, इंग्रजी वळणाच्या 'फिॲट'मध्ये तो बिघडतो. रेनॉल्ट आणि शेवरलेटच्या बाबतीत मात्र हीच सवय उलटी पडते, कारण फ्रेंचमध्ये शेवटची अक्षरं गळतात. आणि स्कोडाला दोघेही सारखेच चुकतात. चेक लिपीत त्या पहिल्या अक्षरावर एक छोटी खूण असते, तिच्यामुळे उच्चार 'श्कोडा' होतो. आपल्या संभाजीनगरजवळच्या शेंद्र्यात २००१ पासून ही गाडी तयार होते, तरी ती खूण आपल्यापर्यंत पोचली नाही.

म्हणजे वादात कोण जिंकतो याचा मूळ उच्चाराशी फारसा संबंध नाही. कोणाला शिकलेला समजलं जातं, याच्याशी जास्त आहे. आता प्रश्न पक्का झाला: "एकच माणूस मिस्त्रीशी बोलताना आणि शोरूममध्ये बोलताना गाडीचं नाव वेगळं उच्चारतो का?" हे मोजता येतं.

मोजायचं कसं, यासाठी एक जुना प्रयोग बघा. १९६२ मध्ये विल्यम लबोव्ह न्यूयॉर्कच्या तीन दुकानांत गेले. एक महागडं, एक मधलं, एक स्वस्त. ज्या वस्तू चौथ्या मजल्यावर मिळतात हे त्यांना माहीत होतं, त्यांचाच पत्ता विक्रेत्यांना विचारायचा. उत्तर यायचं "फोर्थ फ्लोअर". मग "काय म्हणालात?" करून पुन्हा वदवायचं, म्हणजे दुसऱ्यांदा माणूस जपून बोलतो. त्यांना फक्त 'र' ऐकू येतो का एवढंच टिपायचं होतं. २६४ विक्रेत्यांच्या नोंदी झाल्या. महागड्या दुकानात ६२ टक्के जणांनी सगळे किंवा काही 'र' उच्चारले, मधल्यात ५१ टक्के, स्वस्तात २० टक्के. खर्च जवळपास शून्य. प्रयोगशाळा नाही म्हणून रडणाऱ्यांनी हा अभ्यास जरूर वाचावा.

यातली युक्ती लक्षात घ्या. "तुम्ही हे नाव कसं उच्चारता?" असं विचारलं की माणूस सावध होतो, आणि आपल्याला हवं असलेलं नेमकं निसटतं. म्हणून नाव लिहून दाखवू नका आणि स्वतःही उच्चारू नका. बोनेटवरच्या चिन्हाचा फोटो दाखवा आणि विचारा, "ही कोणत्या कंपनीची फोर व्हीलर?" मग, "कोणती?" असं पुन्हा विचारा. दोन नोंदी मिळाल्या.

वऱ्हाड या अभ्यासाला फार चांगली जागा आहे. इथलं पोर शाळेत जायच्या आधीपासून दोन बोली सांभाळतं. घरी 'डोया', वर्गात 'डोळा'. घरी 'मले', वर्गात 'मला'. कोणासमोर कोणता शब्द काढायचा, हे त्याला कोणी शिकवलेलं नसतं, पण पक्कं ठाऊक असतं. ग्रिअर्सनच्या भाषा सर्वेक्षणाच्या १९०५ च्या मराठी खंडातही वऱ्हाडीची वेगळी नोंद आहे, म्हणजे जुना आधारही मिळतो.

नोंदी ऐकून 'ऑडी' की 'आउडी' ठरवताना तुमचा कान फसवू शकतो. त्यासाठी ॲमस्टरडॅम विद्यापीठात तयार झालेलं 'प्रात' नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. स्वर म्हणजे ठरावीक कंपनसंख्यांवर जमलेली ऊर्जा, आणि त्या पट्ट्यांना फॉर्मंट म्हणतात. 'ऑ' म्हणताना पहिले दोन फॉर्मंट बऱ्यापैकी सपाट राहतात, 'आउ' म्हणताना ते खाली सरकतात. फिजिक्सवाल्यांनो, बीएस्सीला शिकलेला फूरिए इथे कामी येतो. तरीही निदान दोन माणसांनी वेगवेगळं ऐकून नोंद करावी आणि किती वेळा जुळलं ते आधी तपासावं.

माणसांशिवायचीही सामग्री आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्रात दुकानांवर मराठी देवनागरी पाटी सक्तीची झाली. बोलताना माणूस मोघम बोलून सुटू शकतो, पाटी रंगवणाऱ्याला तशी सोय नाही. त्याला 'हुंडई' की 'ह्युंदाई' ठरवावंच लागतं. अमरावती ते अकोला महामार्ग, जिथे २०२२ च्या जूनमध्ये १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटरची एक लेन टाकून गिनीज विक्रम झाला, त्याच रस्त्याने एक रविवार फिरा आणि शोरूम, गॅरेज, स्पेअर पार्टच्या दुकानांच्या पाट्यांचे फोटो काढा. पायलट अभ्यास तिथेच सुरू होतो.

एक गोष्ट मात्र लबोव्हसारखी करू नका. त्यांनी विक्रेत्यांना सांगितलं नव्हतं की हा अभ्यास आहे. आज तुमची एथिक्स कमिटी हे सहज मान्य करणार नाही, आणि लपून रेकॉर्डिंग तर नाहीच नाही. आधी "गाड्यांबद्दलच्या बोलण्याचा अभ्यास आहे" एवढं सांगून संमती घ्या, आणि नेमकं काय मोजलं ते नंतर सांगून पुन्हा विचारा, ठेवू की पुसू? पुस म्हटलं तर पुसायचं. नमुना कमी होईल, होऊ द्या.

"या अभ्यासाचा उपयोग काय?" हा प्रश्न येणारच. त्याचं उत्तर मला मुलाखतीच्या खोल्यांत दिसतं. आपल्याकडची चांगली तयारीची मुलं ऑइलर, प्वासाँ, द ब्रॉय ही नावं घेताना अडखळतात आणि "ते सर... ते समीकरण" म्हणून पुढे जातात. समीकरण येत असतं, फक्त नाव तोंडातून काढायची भीती असते. शोरूममध्ये "ती पांढरी दाखवा" म्हणणारा माणूस तेच करत असतो. नाव चुकीचं घेण्यापेक्षा तो नावच घेत नाही.

त्यांना मी एकच गोष्ट सांगतो. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या यादवीमुळे तिथला कापूस अडला, तेव्हा वऱ्हाडच्या कापसाला मोठी मागणी आली. लिव्हरपूलच्या बाजारात अमरावतीच्या नावावरून या कापसाला 'ऊमरा' म्हणत. परक्यांनी आपल्या गावाचं नाव बिघडवलं, असं तुम्ही म्हणाल. पण गावाचं जुनं नाव उंबरावती असल्याचं सांगतात. ते धरलं तर लिव्हरपूलचा दलाल आपल्यापेक्षा मुळाच्या जवळ होता.

तर नोंदवही आखताना 'रेनॉल्ट', 'रेनो', 'इतर' असे तीन रकाने काढून थांबू नका. चौथा काढा, 'नाव घेतलं नाही', आणि त्यापुढे समोर कोण होतं तेही लिहा.