चकलीची करणावळ

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. दिवाळी सरली होती, तुळशीचे लग्न तोंडावर आले होते. डोंबिवलीला थोरल्या बंधूंच्या घरी सहज गेलो, तर वहिनींनी चहाच्या कपाबरोबर एक वही माझ्यापुढे ठेवली.

"भावजी, एवढा हिशेब बघून द्या. दिवाळीभर मरमर राबलो आणि हाती काय लागले ते काही उलगडत नाही."

मी पडलो मराठीचा मास्तर. हिशेबाशी माझा संबंध पगारापुरता. तोही तिसऱ्या आठवड्यापर्यंत टिकत नाही. पण वहिनींना नाही म्हणणे आमच्या घराण्यात कोणाला जमलेले नाही. वही उघडली.

वहिनींच्या हाताला चव आहे, हे आम्ही घरचे लोक वीस वर्षे चकल्या खाऊन सिद्ध करीत आलो आहोत. चार वर्षांपूर्वी शेजारच्या बिऱ्हाडातल्या बाईंनी विचारले, "आमच्यासाठीही दोन किलो कराल का? सामानाचे पैसे देते." दोनाचे दहा झाले, दहाचे चाळीस. त्या दिवाळीला वहिनी आणि त्यांची धाकटी बहीण, दोघींनी मिळून १६० किलो फराळ केला. चकली, बेसनाचे लाडू, चिवडा, करंज्या. फोनवर मागणी आणि फोनवरच पैसे. विक्री झाली ७६,४०० रुपयांची. डाळी, तेल, तूप, साखर, गॅस, डबे, रिक्षाभाडे यांचा खर्च ६१,१०० रुपये. उरले १५,३००.

"म्हणजे फायदा झाला की!" मी म्हणालो.

"तेच तर. मग तो झाल्यासारखा वाटत का नाही?"

आता माझ्यातला मास्तर जागा झाला. किती दिवस काम केलेत? सतरा. दोघींनी? दोघींनी. रोज किती तास? वहिनी हसल्या. बायकांनी घरात केलेल्या कामाचे तास कोणी मोजते का, असे त्या हसण्यात होते. तरी आम्ही मोजले. कमीत कमी दहा. म्हणजे ३४० तास. भागाकार केला. तासाला ४५ रुपये.

खोलीत क्षणभर कोणी बोलले नाही. मग बंधू हळूच म्हणाले, "आणि मी स्कूटरवरून डबे पोचवले, ते यात धरलेच नाहीत."

वाचकहो, आपल्या भाषेत एक सुंदर शब्दकुटुंब आहे. गिरणीत पीठ दळले की दळणावळ द्यावी लागते. सोनाराने दागिना केला की घडणावळ. शिंप्याला शिलाई. कोणतीही वस्तू करून दिली की तिची करणावळ. या सगळ्यांचे दाम आपण मुकाट्याने मोजतो. वहिनींच्या वहीत भाजणीची दळणावळ पै न् पै लिहिली होती. चकलीची करणावळ मात्र कुठेच नव्हती.

ही चूक एकट्या वहिनींची नाही. ती आपल्या संस्कारातच मुरलेली आहे. अन्न विकू नये, अन्न हे द्यायचे असते, अशी जुन्या माणसांची समजूत. पाणी आणि अन्न यांचे पैसे घेणे हलके मानले जाई. एखाद्या विधवेवर खाणावळ चालवायची पाळी आली, तर नातेवाईक ती गोष्ट खालच्या आवाजात सांगत. या समजुतीत माणुसकी होती, नाही असे नाही. पण अन्न विकणे कमीपणाचे ठरले की अन्न रांधणारीच्या श्रमाची किंमत आपोआप शून्य होते, ही तिची दुसरी बाजू आपण पाहिली नाही.

पुरुषांनी दुकाने काढली तेव्हा हा संकोच लवकर गळून पडला. विश्वनाथ परशुराम बेडेकरांनी १९१० साली गिरगावात किराणा मालाचे दुकान घातले. पुढे त्याच नावाचे मसाले आणि लोणची मराठी घरांत पोचली. सांगली जिल्ह्यातल्या भिलवडीला भास्कर गणेश चितळे यांनी १९३९ साली दुधाचा धंदा सुरू केला. १९५० मध्ये पुण्यात मिठाईचे दुकान आले आणि पुढे बाकरवडीने पुण्याला नवी ओळख दिली. ही नावे आपण कौतुकाने घेतो, आणि घ्यावीतच. पण लक्षात घ्या, दुकान म्हटले की त्यात गल्ला आला, नोकराचा पगार आला, जागेचे भाडे आले. दुकानदाराला करणावळ विसरताच येत नाही. घरातल्या ओट्यावर मात्र ती विसरणे फार सोपे असते.

ती पहिल्यांदा ठसठशीतपणे कोणी मांडली असेल, तर गिरगावातल्याच एका इमारतीच्या गच्चीवर जमलेल्या सात गुजराती गृहिणींनी. तारीख १५ मार्च १९५९. भांडवल ८० रुपये, तेही छगनलाल पारेख या समाजसेवकाकडून उसने घेतलेले. पहिल्या दिवशी पापडांची चार पाकिटे तयार झाली. आज 'लिज्जत' हे नाव ठाऊक नसलेले घर सापडणे कठीण. त्या सातजणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली, आणि संस्थेतल्या भगिनींची संख्या ४५ हजारांच्या आसपास गेली.

या यशाचे श्रेय आपण सहसा चवीला देतो. चव तर आहेच; पण खरी किमया व्यवस्थेत आहे. पीठ मळण्याचे काम संस्थेच्या शाखेत होते. मळलेले पीठ बायका घरी नेतात, पापड लाटून वाळवतात आणि दुसऱ्या दिवशी परत आणतात. तिथे त्यांचे वजन होते, तपासणी होते आणि लाटण्याची मजुरी हाती पडते. लाटणारी बाई संस्थेची नोकर नव्हे, सभासद असते, नफा-तोटा सगळ्यांचा. म्हणजे पोळपाट-लाटणे घरचेच राहिले, पण लाटणाऱ्या हाताला भाव ठरला. पापड किती पिढ्या लाटले जात होते! नवीन काही असेल तर तो भाव.

दुसरी कहाणी गिरणगावातली. लालबाग-परळच्या चाळींत बायकामुले गावी ठेवून आलेले गिरणी कामगार एकेका खोलीत दाटीने राहत. त्यांच्या जेवणाची सोय खाणावळवाल्या करीत. या बायका पहाटे उठून दहा-वीस माणसांच्या भाकऱ्या थापीत. कामगार पैसे देणार पगार झाल्यावर. तोवर धान्य आणायचे वाण्याकडून उधारीवर किंवा सावकाराच्या व्याजावर. सगळ्या गिरणगावाला जेवू घालणारी बाई स्वतः कर्जात बुडालेली असे. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले आणि त्यांना बँकेचे कर्ज मिळवून दिले. तारण ठेवायला ज्यांच्याजवळ काही नाही, अशा बायकांच्या भाकरी थापणाऱ्या हातांवर बँकेने विश्वास टाकला, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. पगार थांबले तसे खाणावळीचे पैसेही थांबले. संपानंतर पुष्कळ गिरण्या पुन्हा धडपणे उभ्या राहिल्याच नाहीत. खाणावळवालीचे गिऱ्हाईक गेले. पण संघटना होती म्हणून दुसरी वाट शोधता आली. मंडळाने कार्यालयांना, समारंभांना जेवण पुरवण्याची कामे घेतली. एकटी बाई असती तर चूल विझली असती.

आता आजचे बघा. अन्नाच्या धंद्याला सध्या विलक्षण बरकत आली आहे. ज्याला टेबल-खुर्च्या नाहीत, पाटी नाही, केवळ स्वयंपाकघर आहे, असे हॉटेल आज चालते. फोनवर मागणी नोंदवली की शर्टावर कंपनीचे नाव मिरवणारा मुलगा दारात डबा आणून देतो. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले. आपल्या आज्यांनी गरिबीचे म्हणून खाल्लेली नाचणी आणि ज्वारी आता चकचकीत पाकिटात शिरली आहे. कैरीचे पन्हे आणि कोकम सरबत बंद पाकिटांतून दुकानात मिळते. फराळाचे डबे विमानाने अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात जातात. तिकडची मुले ते उघडताना इकडच्या आयांना फोनवर चेहरा दाखवतात.

घरगुती म्हणून आता शिस्तीतून सुटकाही नाही. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली घरून फराळ विकणाऱ्या बाईलाही नोंदणी करावी लागते. पाकिटावर वजन हवे, तारीख हवी, घटक हवेत. मला ही अट जाच वाटत नाही. उलट डब्यावर नोंदणीचा क्रमांक आला, की "आमच्या वहिनी हौसेने करतात" ही भाषा संपते आणि तो व्यवसाय होतो.

परंतु नवेपणाबरोबर जुना धोकाही नव्या रूपात आला आहे. मागणी आणून देणारी कंपनी आपला वाटा आधी कापून घेते. गिऱ्हाइकाला सवलत हवी. डब्याला सोनेरी कागद हवा. डब्याचे, कागदाचे, पोचवण्याचे, कंपनीचे असे सगळ्यांचे पैसे पक्के. मग कमी कुठे करायचे? पुन्हा त्या एकाच ठिकाणी, तळणाऱ्या हाताच्या वाट्यात. घरगुती धंदे गिऱ्हाईक नसल्याने बंद पडतात असे आपण समजतो. गिऱ्हाईक भरपूर असूनही करणारी थकून गेली, म्हणून बंद पडलेले धंदे माझ्याच ओळखीत तीन आहेत.

वहिनींचा धंदा त्या वाटेने जाऊ नये असे मला मनापासून वाटत होते. त्या संध्याकाळी आम्ही वहीत नवा रकाना आखला. तासाला निदान शंभर रुपये मजुरी धरली, तर किलोमागे सुमारे १२० रुपये वाढवावे लागत होते. वहिनी घाबरल्या.

"भावजी, लोक काय म्हणतील? माणसे ओळखीची आहेत."

"ओळखीच्या सोनाराला आपण घडणावळ कमी देतो का?"

"सोनार रोज समोरच्या जिन्यात भेटत नाही!"

त्यांचे खरे होते. हिशेब मांडणे सोपे. जिन्यात भेटणाऱ्या माणसाला तो सांगणे कठीण. तरी गेल्या वर्षी त्यांनी धीर केला. नवे भाव फोनवर कळवले आणि दोन दिवस फोन उलटा घालून ठेवला. जुन्या ४६ घरांपैकी ९ घरे गळाली. एका बाईंनी तर "तुम्हीसुद्धा दुकानदार झालात" असे ऐकवले. ते वहिनींच्या जिव्हारी लागले, रात्री त्यांनी बंधूंना दोनदा विचारले, "आपले काही चुकले का हो?" पण ३७ घरे राहिली. फराळ थोडा कमी झाला, सतरा दिवसांचे चौदा झाले आणि धाकट्या बहिणीच्या हातावर मजुरीचे वेगळे पाकीट ठेवताना दोघींचेही डोळे पाणावले.

परवा वहिनींचा फोन आला. यंदाच्या मागण्या घेणे चालू होते.

"तुमच्या दोन किलो चकल्या लिहिल्या आहेत, भावजी. आणि भाव नवा आहे हं."

"घरच्यांनासुद्धा?"

"रकाना कोणी आखून दिला?" वहिनी म्हणाल्या, आणि फोन ठेवला.