बसचा हिशेब मागणारे सतरा जण

जुलै 2019 च्या एका आठवड्यात मुंबई महापालिकेचे दोन निर्णय पाठोपाठ अमलात आले. 7 जुलैला सार्वजनिक वाहनतळांच्या परिसरात रस्त्यावर बेकायदा गाडी उभी करणाऱ्यांना जबर दंड सुरू झाला. चारचाकीला 10 हजार रुपये. 9 जुलैला बेस्ट बसचे किमान भाडे 8 रुपयांवरून 5 रुपयांवर आले आणि वातानुकूलित बसचे 6 रुपयांवर. ज्या शहरात रस्ता रुंद करायला जागाच उरलेली नाही, तिथे उभ्या मोटारीने अडवलेली पट्टी बसला मोकळी करून द्यायची आणि बसमध्ये लोक आणायचे, हा सरळ विचार त्या आठवड्यात कृतीत दिसला. थोड्याच दिवसांत बेस्टचे प्रवासी लाखोंनी वाढले. पुढे दंडाची मोहीम ढिली पडली, हेही खरे. पण रस्ता, वाहनतळ आणि बस हा एकच प्रश्न आहे, हे मुंबईने निदान एकदा ओळखले होते.

ते मुंबईला जमू शकले, कारण तिन्ही गोष्टींचा मालक एकच आहे. दिल्ली, बेंगळुरू, चेन्नई, कोलकाता या शहरांतल्या बस राज्य सरकारांच्या संस्था चालवतात. मुंबईची बस शहराची आहे, महापालिकेची आहे. आणि तिच्यावर लक्ष ठेवायला महापालिकेची एक खास समिती असते. वर्तमानपत्रांत तिचे नाव बहुधा भाडेवाढ किंवा संप यांच्या बातमीत येते, त्यामुळे ती नेमके काय करते हे मुंबईकरांनाही फारसे ठाऊक नसते. ती बेस्ट समिती.

या समितीचे मूळ बेस्टच्या इतिहासात आहे. मुंबईत घोड्यांची ट्राम 9 मे 1874 रोजी सुरू झाली, खासगी कंपनीची. 1905 मध्ये विजेचा पुरवठा आणि ट्राम यांसाठी नवी कंपनी आली, 1907 मध्ये विजेवरची ट्राम धावली, 15 जुलै 1926 रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली मोटारबस निघाली. ठरावीक मुदतीनंतर सगळा कारभार विकत घेण्याचा हक्क महापालिकेने करारातच राखून ठेवला होता. तो तिने बजावला आणि 7 ऑगस्ट 1947 रोजी, स्वातंत्र्याच्या आठवडाभर आधी, ट्राम, बस आणि वीज शहराच्या मालकीची झाली. ट्राम 31 मार्च 1964 च्या रात्री बोरीबंदर ते दादर ही शेवटची फेरी करून गेली. बस आणि वीज राहिली.

एवढा मोठा उपक्रम महापालिकेच्या इतर खात्यांप्रमाणे चालवता येणार नाही, हे तेव्हाच लक्षात आले असावे. म्हणून त्याला स्वतंत्र महाव्यवस्थापक, स्वतंत्र अंदाजपत्रक आणि स्वतंत्र समिती मिळाली. समितीत सतरा सदस्य. त्यांत स्थायी समितीचा अध्यक्ष पदसिद्ध, बाकीचे महापालिका निवडते. कायद्यातली मला सर्वांत शहाणपणाची वाटणारी तरतूद अशी की, हे सदस्य नगरसेवक असलेच पाहिजेत असे नाही. वाहतूक, वीज, अभियांत्रिकी, अर्थकारण, कामगार क्षेत्र यांतला अनुभव असलेला बाहेरचा माणूसही समितीवर येऊ शकतो. पक्षांनी ही जागा अनेकदा निष्ठावंतांची सोय म्हणून वापरली, तरी आगार आणि वेळापत्रक तोंडपाठ असलेले काही सदस्य याच वाटेने आले आणि वर्षानुवर्षे टिकले. प्रशासनाला खरा धाक असायचा तो अशाच सदस्यांचा.

कुलाब्याच्या बेस्ट भवनात समितीची बैठक बसे. बसखरेदी, भाडे, निविदा, आगारांच्या जागा, मोठ्या रकमेचे प्रस्ताव तिच्यासमोर यायचे. सदस्य ते मंजूर करत, फेटाळत, अधिक माहितीसाठी राखून ठेवत किंवा परत पाठवत. विषयपत्रिका हातात घेण्यापूर्वीच कुणी हरकतीचा मुद्दा मांडे आणि अर्धा तास त्यावर जाई. अमुक मार्ग का बंद केला, रात्रीची शेवटची फेरी कुणाला विचारून काढली, थांब्याचे छप्पर कुठे गेले. वैतागून कुणी सभा तहकुबी मांडी. बाहेरून पाहणाऱ्याला यात वेळेचा अपव्यय दिसेल. पण महाव्यवस्थापकाला पत्रकारांसमोर उत्तर द्यावे लागे, ते इतिवृत्तात नोंदले जाई आणि पुढच्या बैठकीत त्याचा पाठपुरावा होई. सामान्य प्रवाशाने पाठवलेल्या तक्रारीला एवढे बळ कधीच येत नाही.

एक थांबा घ्या. थांबा कुठे असावा हे बेस्ट ठरवते. त्याच्या पुढचा रस्ता महापालिकेच्या रस्ते खात्याचा, पदपथ आणि त्यावरचे अतिक्रमण विभाग कार्यालयाचे, खणलेला चर कोणत्या तरी वाहिनीच्या कंत्राटदाराचा, आणि थांब्याला टेकून उभी केलेली मोटार वाहतूक पोलिसांच्या अखत्यारीतली, म्हणजे राज्य सरकारकडची. बस कडेला लागू शकत नाही, रस्त्याच्या मधोमध थांबते, आणि साडी सावरत उतरणाऱ्या आजींना दुचाक्यांमधून वाट काढावी लागते. हा प्रश्न घेऊन प्रवासी गेला तर प्रत्येक खिडकी त्याला पुढच्या खिडकीकडे पाठवते. या सगळ्या खिडक्यांवर हक्काने जाऊ शकणारी व्यक्ती शहरात एकच असते, ती त्या प्रभागाची नगरसेविका किंवा नगरसेवक. प्रभाग समितीत रस्त्याचा प्रश्न, सभागृहात वाहनतळाचा, बेस्ट समितीत थांब्याचा. सगळेच तसे वागतात असे कुणी म्हणणार नाही. पण दार तरी असते.

समितीचे दोषही मोठे होते. आपल्या प्रभागातून बस हवी म्हणून मार्ग वळवून लांबवले गेले, प्रवासी नसतानाही फेऱ्या राहिल्या. जांभळ्या वातानुकूलित बस मोठ्या कौतुकाने रस्त्यावर आल्या. बिघाड आणि तोटा यांनी जेरीस आणल्यावर एप्रिल 2017 मध्ये त्या कायमच्या बंद झाल्या. त्या घेताना सदस्यांनी पुरेसे प्रश्न विचारले असते तर पैसा वाचला असता. आणि तोटा दिसत असताना भाडे, बसची संख्या, पगार यांचा एकत्र विचार करण्याऐवजी वर्षामागून वर्षे ढकलण्यातही समितीचा वाटा होता.

तोट्याची गोष्ट मात्र केवळ समितीच्या माथी मारता येत नाही. कित्येक दशके शहर भागातल्या वीजपुरवठ्याच्या शिलकीतून बसचा तोटा भरला जाई. वीजग्राहकाच्या देयकातून बसचा खर्च का काढायचा, हा प्रश्न 2003 च्या वीज कायद्यानंतर टोकाला गेला आणि ती वाट हळूहळू बंद झाली. बसला दुसरा कायमचा आधार कुणी दिला नाही. 7 ऑगस्ट 2017 रोजी, म्हणजे बेस्ट शहराची झाल्याला बरोबर सत्तर वर्षे होत असताना, पगार रखडल्यामुळे कामगार संपावर गेले. तो रक्षाबंधनाचा दिवस होता. भावाकडे निघालेल्या बहिणी थांब्यांवर अडकल्या. जानेवारी 2019 मध्ये नऊ दिवसांचा संप झाला. त्यातली मुख्य मागणी होती की बेस्टचा स्वतंत्र ‘क’ अर्थसंकल्प महापालिकेच्या मुख्य ‘अ’ अर्थसंकल्पात विलीन करावा.

ही मागणी मला मूलतः योग्य वाटते. महापालिका रस्ते बांधते तेव्हा त्यावर नफा झाला का, असे कुणी विचारत नाही. उड्डाणपूल आणि सागरी किनारा मार्ग यांवर हजारो कोटी खर्च होतात, त्याला तोटा म्हणत नाहीत, गुंतवणूक म्हणतात. त्याच रस्त्यावरून कमीत कमी जागेत जास्तीत जास्त माणसे नेणाऱ्या बसवरचा खर्च तेवढा तोटा ठरतो. कोविडच्या टाळेबंदीत लोकल सर्वसामान्यांसाठी बंद होती, तेव्हा परिचारिका, सफाई कामगार, पोलीस यांना कामावर पोहोचवले ते याच ‘तोट्यातल्या’ बसने. विलीनीकरण झाले नाही. महापालिकेने अनुदान दिले, कर्ज दिले आणि भाड्याच्या बस घेण्याचा आग्रह धरला. जून 2019 च्या करारात स्वमालकीच्या 3,337 बस कायम ठेवण्याचे आश्वासन कामगारांना मिळाले. आज त्या काही शेच उरल्या आहेत. ताफ्यातल्या बहुतेक बस कंत्राटदारांच्या, चालकही त्यांचेच. काही कंत्राटदार मध्येच काम सोडून गेले आणि त्यांच्या बस ज्या मार्गांवर होत्या, ते मार्ग ओस पडले. डिसेंबर 2024 मध्ये कुर्ल्यात भाड्याच्या विजेवरील बसने अनेकांचे जीव घेतले, तेव्हा त्या चालकाला प्रशिक्षण कोणी आणि किती दिले, हा प्रश्न शहरभर विचारला गेला. तो अधिकाराने विचारणारी समिती मात्र तेव्हा नव्हती.

कारण मार्च 2022 मध्ये महापालिकेची मुदत संपली, निवडणूक झाली नाही, आणि सभागृहाबरोबर बेस्ट समितीही गेली. प्रशासकाच्या राजवटीत फायली जलद हलतात, असे सांगितले जाते. हलल्याही असतील. त्याच काळात सप्टेंबर 2023 मध्ये जुनी डिझेलवरची दुमजली बस निवृत्त झाली, मार्ग तुटले, फेऱ्या घटल्या. 9 मे 2025 पासून किमान भाडे 5 चे 10 रुपये झाले आणि वातानुकूलित बसचे 6 चे 12. भाडे वाढवायला हवे होते की नाही यावर प्रामाणिक मतभेद असू शकतात. मला दुप्पट वाढ अन्यायाची वाटते, विशेषतः स्टेशनपासून घरापर्यंतच्या छोट्या टप्प्यासाठी रोज दोनदा बस धरणाऱ्या घरकामगार बाईच्या बाबतीत. पण वाढ योग्य मानणाऱ्यालाही ती सभागृहात मांडून, विरोधकांचे ऐकून, मतदान घेऊन करावी लागली असती. तिथे भाडे कमी वाढले असते, टप्प्याटप्प्याने वाढले असते किंवा तेवढेच वाढून त्याच्या बदल्यात किती बस वाढणार याचे वचन नोंदले गेले असते.

मुंबईबाहेर पाहिले तर कोल्हापूर, ठाणे, नवी मुंबई इथल्या परिवहन समित्या याच जातीच्या. पुण्याने 2007 मध्ये पुणे आणि पिंपरी-चिंचवडची बस एकत्र करून कंपनी काढली, तिचा कारभार संचालक मंडळ पाहते. शहरे एकमेकांत मिसळत असताना ती रचना सोयीची आहे. तरीही जो प्रश्न समितीत उघडपणे विचारता येतो तो संचालक मंडळात तितक्या सहज विचारता येत नाही, हा फरक पुण्यातले प्रवासी मंचही जाणतात.

मुंबईत 15 जानेवारी 2026 रोजी अखेर मतदान झाले. 227 प्रभागांना पुन्हा नगरसेवक मिळाले. त्यांच्यातून आणि बाहेरून बेस्ट समितीवर येणाऱ्या सतरा जणांपुढे चार वर्षांचे न विचारलेले प्रश्न आहेत. 3,337 बसचे आश्वासन कुणी मोडले आणि कोणत्या ठरावाने. कंत्राटदाराच्या चालकाला किती दिवस शिकवायचे हे करारात कुठे लिहिले आहे. आगारांच्या जमिनी विकासकाच्या हाती देताना बस उभ्या राहायला किती जागा उरणार. थांब्यांसमोर गाड्या उभ्या राहतात तिथे पोलीस, रस्ते खाते आणि बेस्ट यांची एकत्र बैठक कधी होणार. दर ऑक्टोबरमध्ये महाव्यवस्थापक अंदाजपत्रक घेऊन समितीसमोर येतात. तिच्या मंजुरीनंतरच ते स्थायी समितीकडे आणि मग सभागृहाकडे जाते. हे प्रश्न त्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर आणणे सदस्यांच्या हातात आहे, आणि ते आणले जातात का हे पाहणे आपल्या.