कंबर दुखतेय? आधी गाडीची सीट तपासा

शाळेच्या मुलांची ने-आण करणारे एक गृहस्थ कंबरदुखीसाठी माझ्याकडे येत होते. वय 47, गाडी जुनी मारुती ओम्नी, रोजचे सहा-सात तास गाडीत. दुखणे उजव्या बाजूला जास्त, कधीकधी मांडीपर्यंत कळ. गोळ्या घेतल्या की चार दिवस बरे, मग पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला त्यांनी विचारले, "डॉक्टर, एमआरआय काढून घेऊ का?" सोबत त्यांच्या पत्नी होत्या. त्या म्हणाल्या, "रविवारी यांना काही होत नाही. मे महिन्याच्या सुट्टीत तर एकही गोळी घेतली नव्हती."

हे वाक्य महत्त्वाचे होते. मी तपासणी केली. पायातली ताकद, संवेदना, गुडघ्याचे आणि घोट्याचे झटके सगळे ठीक होते. मग दवाखान्याबाहेर जाऊन मी त्यांच्या गाडीत बसलो. बसताक्षणी उजव्या कुल्ल्याखाली लोखंडी पट्टी टोचली. स्पंज पार दबलेला, दाराकडची कड खचलेली आणि त्यावर भर म्हणून घातलेली घरातली उशी. कंबर का दुखते ते समजायला मला अर्धा मिनिटही लागला नाही.

व्हॅन, टेम्पो किंवा जुनी प्रवासी गाडी चालवणाऱ्यांना कंबरदुखी असेल, तर औषधांइतकाच सीटचा विचार करायला हवा. गाडीची गादी बसली की तिचा भार मणक्यातल्या गादीवर येतो.

झिजलेल्या सीटमुळे शरीरात काय होते?

आपल्या कमरेला आतल्या बाजूने नैसर्गिक बाक असतो. सीट मागच्या बाजूला खचली की माकडहाड खाली जाते, कमरेचा बाक सपाट होतो आणि पाठीला पोक येते. अशा स्थितीत मणक्यांमधल्या चकत्यांवर आणि मागच्या स्नायूंवर सतत ताण राहतो.

आपल्याकडे चालक उजव्या दाराने चढतो-उतरतो. दिवसातून वीस-तीस वेळा घासून सीटची उजवी कड आधी खचते. मग कंबर एका बाजूला कलते आणि शरीर सरळ ठेवण्यासाठी एकाच बाजूचे स्नायू दिवसभर आखडलेले राहतात. मागच्या खिशात जाड पाकीट असेल तर यात आणखी भर पडते.

तिसरी गोष्ट हादऱ्यांची. बसलेल्या माणसाचा मणका सेकंदाला साधारण 4 ते 6 हेलकावे या गतीने सर्वात जास्त हलतो. खराब रस्त्यावर गाडीचे हादरे नेमके याच पट्ट्यात येतात. चांगली सीट त्यातला काही भाग शोषून घेते. स्पंज तळाला टेकला की प्रत्येक खड्डा थेट कमरेला कळतो. हा कामाच्या ठिकाणचा धोका म्हणून मान्य झालेला आहे. युरोपीय संघाच्या 2002 च्या नियमांत आठ तासांच्या कामासाठी अशा कंपनाची मर्यादा ठरवलेली आहे. स्वतःची व्हॅन चालवणाऱ्याची मात्र अशी मोजणी कोणी करत नाही. त्यामुळे त्याने स्वतःच लक्ष द्यायला हवे.

सीटचा त्रास फक्त कमरेपुरता नसतो. ओम्नीसारख्या गाड्यांत इंजिन पुढच्या सीटखाली असते. उष्णता, घाम आणि रेक्झिन यांमुळे जांघेत बुरशीचा संसर्ग होतो, तो पुन्हा पुन्हा उलटतो. माकडहाडाजवळ केस त्वचेत शिरून पू होण्याचा एक आजार आहे, पायलोनायडल सायनस. दुसऱ्या महायुद्धात जीपमध्ये आदळत बसणाऱ्या अमेरिकी सैनिकांत तो इतका दिसला की डॉक्टरांनी त्याला 'जीप डिसीज' असे नावच दिले होते.

सीट खराब झाली आहे हे कसे ओळखायचे?

घरच्या घरी पाच मिनिटांत तपासता येते.

- सीटवर मुठीने जोरात दाबा. हाताला तार, स्प्रिंग किंवा पट्टी लागली तर स्पंज संपला आहे.
- सीटवर एक सरळ फळी आडवी ठेवा. एका बाजूला फट जास्त दिसली तर सीट कललेली आहे.
- नेहमीसारखे बसा आणि घरच्या माणसाला दार उघडून बाजूने फोटो काढायला सांगा. गुडघे कमरेपेक्षा बरेच वर आणि पाठीला पोक दिसत असेल तर सीट खचली आहे.
- उभ्या गाडीत बसून सीट पुढे-मागे ढकला. ती हलत असेल किंवा खटखट वाजत असेल तर दोष रुळांत, खिट्टीत किंवा बोल्टमध्ये आहे.

दुरुस्ती पुरेशी केव्हा?

खालचा सांगाडा मजबूत असेल आणि फक्त स्पंज, स्प्रिंग किंवा कव्हर गेले असेल, तर कुशनचे काम करणारा कारागीर सीट पुन्हा भरून देऊ शकतो. त्याला हे आवर्जून सांगा:

- जुन्या स्पंजवर नवा थर चिकटवू नका, पूर्ण स्पंज बदला. वरचा थर दोन-तीन महिन्यांत खालच्या खड्ड्यात जातो.
- फोम 40 च्या आसपास घनतेचा, चांगल्या प्रतीचा हवा. फार मऊ फोम लवकर बसतो, फार कडक फोम हादरे वर पोहोचवतो.
- उंची मूळ सीटइतकीच ठेवा. सीट उंच झाली तर पाय पेडलवर नीट टेकत नाहीत, डोके छताला लागते आणि सीटबेल्ट जागेवर बसत नाही.
- तुटलेल्या किंवा निसटलेल्या स्प्रिंगा आधी बदला. त्या तशाच ठेवून वर फोम घातला तर तो फाटतो.
- पाठीच्या भागात, पट्टा बांधतो त्या उंचीवर, किंचित फुगवटा ठेवा.
- कव्हरच्या मधल्या पट्ट्याला रेक्झिनऐवजी हवा खेळेल असे कापड लावा.

इंजिन सीटखाली असेल तर आणखी एक काळजी. तिथले उष्णतारोधक आवरण फाटले असेल तर आधी ते बदलून घ्या. नवा फोम किंवा कव्हरचे लोंबते टोक इंजिनच्या गरम भागाला लागता कामा नये. सीट उचलण्याची आणि पुन्हा घट्ट बसवण्याची खिट्टी पूर्वीसारखी चालली पाहिजे.

सीट बदलायलाच हवी केव्हा?

सांगाड्याला तडा गेला असेल, रुळाची खिट्टी सुटत असेल, पाठ आपोआप मागे जात असेल किंवा गाडीला मोठा अपघात झालेला असेल, तर नुसता फोम बदलून भागत नाही. जोरात ब्रेक लावल्यावर सीट पुढे सरकली तर पेडलवरचा पाय सुटू शकतो. मागे मुले बसलेली असताना ही गोष्ट केवळ कमरेची राहत नाही.

जुन्या गाडीची सीट भंगार बाजारात मिळते. ती त्याच मॉडेलची घ्या, म्हणजे बोल्टची भोके आणि बेल्टची जागा जुळते. दुसऱ्या गाडीची आरामदायी सीट पट्ट्या वेल्ड करून बसवणे धोक्याचे आहे. नवी सीट बसवण्यापूर्वी बोल्टभोवतीचा पत्रा तपासा. पावसाळ्यात पायपुसणीखाली पाणी साचून तो गंजतो. गंजलेल्या पत्र्यावर चांगली सीटही टिकत नाही.

तोपर्यंत काय करावे?

सीटवर उशा रचू नका. ब्रेक लावताना उशी सरकते. त्याऐवजी टॉवेलची गुंडाळी कमरेच्या खळग्यात ठेवा. पाठ थोडीशीच मागे कललेली ठेवा. क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. पाकीट खिशातून काढा. तासा-दीड तासाने खाली उतरून दोन मिनिटे चाला. लांबचा प्रवास संपल्यावर लगेच वजन उचलू नका. हादऱ्यांनी स्नायू थकलेले असतात, आधी पाच मिनिटे चालून घ्या.

दुखणे वाढले तरी दिवसेंदिवस झोपून राहू नका, हालचाल चालू ठेवा. वेदनाशामक गोळ्या मनाने रोज घेऊ नका. त्यांनी पोटात जखम होऊ शकते, रक्तदाब वाढतो, आणि मधुमेह किंवा रक्तदाब असणाऱ्यांच्या किडनीला धोका असतो. स्नायू सैल करणाऱ्या काही गोळ्यांनी झोप येते. अशी गोळी घेऊन गाडी चालवू नका.

डॉक्टरांकडे लगेच केव्हा जावे?

प्रत्येक कंबरदुखी सीटमुळे नसते. पुढीलपैकी काहीही असेल तर वाट पाहू नका:

- लघवी अडणे, लघवी किंवा शौचावरचा ताबा जाणे, जांघेत आणि गुदद्वाराभोवती बधिरपणा. ही तातडीची स्थिती आहे, त्याच दिवशी रुग्णालयात जा.
- पाऊल उचलता न येणे किंवा पायातली ताकद कमी होत जाणे.
- ताप, कारण नसताना वजन घटणे, पूर्वी कॅन्सर झालेला असणे.
- पडल्यावर किंवा अपघातानंतर सुरू झालेले दुखणे.
- रात्री झोपेतून उठवणारे, विश्रांतीनेही न थांबणारे दुखणे.

सीट नीट करूनही सहा आठवड्यांत फरक पडला नाही, तरी पुन्हा तपासणी करून घ्यावी. एमआरआय लागेल का, हे तपासणीवरून ठरते. चाळिशीनंतर कंबर न दुखणाऱ्यांच्या एमआरआयमध्येही चकती झिजलेली दिसते. त्यामुळे नुसत्या रिपोर्टवरून घाबरू नये.

त्या गृहस्थांनी सीट पूर्ण भरून घेतली, उजवीकडची तुटलेली स्प्रिंग बदलली आणि उशी घरी नेली. मी त्यांना कमरेचे तीन साधे व्यायाम दिले. महिन्याने ते आले तेव्हा सकाळचा ताठरपणा थोडा शिल्लक होता, पण मांडीतली कळ थांबली होती आणि गोळ्याही बंद झाल्या होत्या. एमआरआयचा विषय त्यांनी काढला नाही.

तुमच्या घरात कोणी गाडी चालवून पोट भरत असेल, तर या रविवारी त्यांच्या सीटवर एकदा स्वतः बसून पाहा. आणि पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना किती तास गाडीत बसता, सुट्टीच्या दिवशी दुखणे कमी होते का, हे न विचारताही सांगा.