शेंबी : पिकांतली आणि रानांतली

मृगाचा पाऊस चार दिवस लागून राहिला कीं बांधावरच्या दगडाखालून, गोठ्याच्या ओल्या भिंतीवरून आणि भाजीच्या वाफ्यांतून शेंबी दिसूं लागते. पाठीवर शंख वाहणारी ती गोगलगाय व शंखावांचून उघड्या अंगानें फिरणारी ती शेंबी, हा भेद आमच्या शेतकरी बंधूंस ठाऊक आहेच. परंतु शेंबी-शेंबींतहि भेद आहे. आणि तो न जाणल्यामुळें एकीच्या अपराधासाठीं दुसरीला विष घातलें जातें. सन २०२२ च्या खरिपांत लातूर, बीड व उस्मानाबाद (आतांचा धाराशिव) या जिल्ह्यांत शंखी गोगलगायींनीं सोयाबीनचीं कोंवळीं रोपें फस्त केलीं, कित्येकांस दुबार पेरणी करावी लागली. तेव्हांपासून जें जें बुळबुळीत दिसेल त्यावर विषारी गोळ्या टाकावयाच्या, अशी वहिवाट पडूं पाहत आहे. ती पडण्यापूर्वींच दोन शब्द लिहिणें आम्हांस अवश्य वाटलें.

शेंबी हा किडा नव्हे. शंख, शिंपला, माकूळ यांच्याच कुळांतला हा मृदुकाय प्राणी होय. त्याच्या पूर्वजांचा शंख पिढ्यान् पिढ्या लहान होत कांहीं जातींत अजीबात नाहींसा झाला, तर कांहींत कातडीखालीं पातळ चकतीएवढा उरला. शंख गेल्यानें फटींत शिरणें सोपें झालें खरें, पण ऊन व कोरडी हवा यांपासूनचा आडोसाहि गेला. म्हणून हिचा सारा संसार ओलीवर अवलंबून. दिवसा दगडाखालीं वा पाल्यांत दडावें, रात्रीं चरावयास निघावें, असा तिचा क्रम असतो. जिभेवर बारीक दांतांची जणूं कानसच असते. तिनें ती पान खरवडून खाते आणि गेल्या वाटेवर स्रावाचा चकचकीत माग ठेवते. रोप कुरतडलेलें दिसलें तर सकाळीं प्रथम हा माग शोधावा. प्रत्येक शेंबी नर आणि मादी दोन्ही असते. जोडी जमली कीं दोघीहि अंडीं घालूं शकतात. यावरून हिची वाढ इतकी झपाट्यानें कां होते हें कळून येईल.

आतां भाजीच्या मळ्यांत जी काळसर, चपटी, चामड्याच्या तुकड्यासारखी शेंबी आढळते, ती मूळची आफ्रिकेची. शास्त्रज्ञ तिला लेव्हिकॉलिस आल्टे म्हणतात. पूर्ण वाढल्यावर ती ७-८ सेंटिमीटर भरते, कधीं याहूनहि मोठी होते. पाठीच्या मधोमध फिकट रेघ असते; पोटाखालची चालण्याची पट्टी अंगाच्या मानानें अगदींच अरुंद असते; शिंगें आंखूड असून तीं अंगाखालीं ओढून घेते. अंगांत शंखाचा मागमूसहि नाहीं. अंडीं मण्यांच्या माळेसारखीं एकमेकांस चिकटलेलीं असतात. माणसानें रोपें व कुंड्या जेथें जेथें नेल्या तेथें तेथें बहुतेक ही गेली.

रानांतली देशी शेंबी निराळी. उदाहरणार्थ मारिएला दुसुमिएरी ही घ्या. हिच्या पाठीवर मांसल झूल पांघरल्यासारखी असते, झुलीखालीं शंखाची चकती दडलेली असते, आणि उजव्या बाजूस श्वास घेण्याचें छिद्र स्पष्ट दिसतें. झूल व छिद्र, या दोन खुणा लक्षांत ठेविल्या तरी आफ्रिकेची पाहुणी ओळखतां येते. मलबार किनाऱ्यावरून नाना प्राणी गोळा करून पॅरिसला धाडणारा दुसुमिए नांवाचा फ्रेंच व्यापारी होता. त्याचें नांव इंग्रज शास्त्रज्ञ ग्रे यानें १८५५ मध्यें हिला दिलें. ही अगदींच साव आहे असें आम्ही म्हणत नाहीं. केरळांत लागवडीच्या पिकांस हिचा उपद्रव झाल्याच्या नोंदी आहेत. तथापि दाट रानांतल्या देशी शेंबींचें मुख्य खाणें कुजका पाला, बुरशी व शेवाळ हेंच.

या प्राण्यांचा जुना कसून अभ्यास करणाऱ्यांत गॉडविन-ऑस्टेन हा गृहस्थ मुळांत मोजणी खात्यांतला. हिमालयाच्या शिखरांची मोजणी करून १८७७ मध्यें तो सेवानिवृत्त झाला व पुढें कित्येक वर्षें गोगलगायींच्या मागें लागला! आमची हयात महसुलाच्या दप्तरांत गेली असल्यामुळें या गृहस्थाविषयीं आम्हांस विशेष आपलेपणा वाटतो.

सह्याद्रींत जमिनीवर राहणाऱ्या मृदुकायांच्या सुमारें २७० जाती नोंदल्या गेल्या असून त्यांपैकीं जवळजवळ तीन-चतुर्थांश जगांत अन्यत्र कोठेंहि सांपडत नाहींत. यांस पंख नाहींत, कोरडें माळरान ओलांडण्याची शक्ति नाहीं. एका खोऱ्यांतली जात त्या खोऱ्यांत संपली म्हणजे संपलीच. शिवाय बहुतेक काजव्यांच्या अळ्या गोगलगायी-शेंबी खाऊनच वाढतात. भारद्वाजहि गोगलगायी टिपतो. तेव्हां रानाच्या कडेस विष पसरणारा मनुष्य काजव्यांच्या तोंडचा घांसहि काढतो.

मेटाल्डिहाइड हें औषध कोंड्यासारख्या आमिषांत मिसळून विकतात. त्यास देशी-परदेशी असा भेद कळत नाहीं. आणि त्या गोळ्या खाऊन कुत्रीं व गुरें मरतात, हें तर अधिकच जपण्याजोगें. जेथें अन्य उपाय चालत नाहीं तेथेंच, गुरें न फिरतील अशा जागीं, ठरल्या प्रमाणांत तें वापरावें. आमच्या मतें पहिला उपाय गोणपाटाचा. गुळाच्या पाण्यांत भिजविलेलीं गोणपाटें सायंकाळीं वाफ्यांच्या मधून अंथरावीं. सकाळीं त्यांखालीं जमलेल्या शेंबी काठीनें वा हातमोजे घालून उचलून साबणाच्या किंवा मिठाच्या पाण्यांत टाकाव्या. शेतांत मात्र मीठ फेंकूं नये, जमीन बिघडते. बांधाकडेनें कोरड्या चुन्याचा पट्टा ओढावा व पावसानें वाहून गेल्यास पुन्हां ओढावा. उघड्या हातानें शेंबी धरूं नये. उंदरांच्या फुप्फुसांत राहणारा एक कृमि आपल्या आयुष्याचा कांहीं काळ हिच्या अंगांत काढतो, आणि तो कच्च्या भाजीबरोबर पोटांत गेल्यास मेंदूच्या आवरणास सूज येते. कोथिंबीर, मुळ्याचा पाला वगैरे नीट निवडून धुवावा हें घरांतल्या मंडळींस अवश्य सांगावें.

कोणी म्हणतील, शेंबीचा एखादा शत्रु बाहेरून आणून सोडला तर? ताहिती बेटावर १९७४ मध्यें व शेजारच्या मूरेआ बेटावर १९७७ मध्यें हाच प्रयोग झाला. आफ्रिकेच्या मोठ्या गोगलगायीचा नायनाट व्हावा म्हणून अमेरिकेकडची एक मांसाहारी गोगलगाय सोडण्यांत आली. तिनें मोठीस सोडून रानांतल्या पार्तुला नांवाच्या चिमुकल्या देशी गोगलगायींवर ताव मारला. १९८७ पर्यंत मूरेआच्या रानांतून त्यांच्या जाती जवळजवळ नाहींशा झाल्या. कांहीं आधींच पकडून प्राणिसंग्रहालयांत ठेविल्या होत्या म्हणून त्यांचा वंश टिकला, व २०१५ पासून त्या मूळ बेटांवर पुन्हां सोडल्या जात आहेत.

मावळांत व कोंकणांत राबासाठीं रानांतला पातेरा झाडून नेण्याची रीत आहे. ती एकदम सोडा असें सांगण्याचा आमचा अधिकार नाहीं. पण देवराईंतला आणि ओढ्याकाठचा पातेरा न झाडतां तसाच राहूं द्यावा, पडलेलीं कुजकीं खोडें उचलूं नयेत, आणि राब भाजतांना आग रानांत शिरणार नाहीं अशी जाळरेषा आधीं काढावी. विषाच्या गोळ्या वापरल्याच तर त्या रानाच्या कडेच्या वाफ्यांत टाकूं नयेत. तेथें गोणपाटावरच भागवावें.