कुंपणापलीकडचं फॅलमथ

सकाळी डेकवरून पाहिलं तर गाव बोटीपेक्षा ठेंगणं दिसत होतं. जमैकाच्या उत्तर किनाऱ्यावरचं हे फॅलमथ. "ताई, कितीदा आलोय इथं, पण गेटाबाहेर गेलोच नाही," आमच्या मजल्यावर काम करणारा वेंगुर्ल्याचा मुलगा म्हणाला. "दोन तास सुट्टी. तेवढ्यात घरी फोन होतो, बस."

२०११ मध्ये क्रूझचा धक्का झाला आणि त्याला कुंपण पडलं. आत रम आणि दागिन्यांची दुकानं. प्रवासी तिथेच रमतात, नाहीतर बसमध्ये बसून धबधबे पाहायला निघून जातात. गेट ओलांडलं की पाच-सात मिनिटांत वॉटर स्क्वेअर येतो. १७९९ मध्ये इथे मार्था ब्रे नदीचं पाणी नळाने आलं, न्यूयॉर्कच्याही आधी, असं गाव अभिमानाने सांगतं. १७६९ मध्ये वसलेलं हे गाव साखरेवर गबर झालं, गुलामांच्या घामावर. पुढे आगबोटी मोठ्या झाल्या, बंदर उथळ पडलं, व्यापार उठला. जुनं पाडून नवं बांधायला पैसाच उरला नाही, म्हणून खाली दगडी आणि वर लाकडी अशी ती घरं टिकली. आज मात्र पत्रे गंजलेत. एका जिन्याच्या कठड्याला हात लावला तर बोटांना भुसा लागला. रंगरंगोटी काय ती धक्क्याजवळ.

मी थांबले ती किंग स्ट्रीटवरच्या बाप्टिस्ट चर्चपाशी. विल्यम निब हा मिशनरी इथला. १८३१ च्या डिसेंबरात सॅम शार्पच्या पुढाकाराने गुलाम उठले. त्याचा सूड म्हणून गोऱ्यांनी निबचं प्रार्थनाघर पाडलं. तो इंग्लंडला गेला आणि गुलामगिरीविरुद्ध सभा गाजवत फिरला. १८३४ मध्ये गुलामगिरी रद्द करणारा कायदा लागू झाला खरा, पण 'उमेदवारी'च्या नावाखाली माणसं त्याच मळ्यांवर जुंपलेली राहिली. ३१ जुलै १८३८ च्या रात्री ती सगळी इथे जमली आणि घड्याळाकडे डोळे लावून बसली. बाराचे ठोके पडले आणि ती मोकळी झाली. मग एका शवपेटीत साखळी, चाबूक आणि गळ्यातलं लोखंडी कडं ठेवून त्यांनी ती पेटी पुरली. माणसाला मूठमाती देतात तशी, गाणी म्हणत.

अंगण झाडणाऱ्या आजीबाईंनी मला निबच्या स्मारकाकडे नेलं. तो १८४५ मध्ये गेला. हे स्मारक मुक्त झालेल्या माणसांनीच उभारलं. आजींनी झाडू भिंतीला टेकवला, पदराने पुसावं तसा ॲप्रनने दगड पुसला आणि विचारलं, "बोटीत एवढी माणसं असतात. इकडे का नाही येत?"

मला उत्तर देता आलं नाही. चर्चकडे बोट दाखवणारी एक पाटी गेटावर लावायला कितीसा खर्च येतो?

बोटीवर परतल्यावर त्या मुलाला कागदावर रस्ता काढून दिला. त्याने तो घडी घालून खिशात ठेवला. "पंधरा दिवसांनी परत इथंच आहे," म्हणाला, "आईला व्हिडिओ कॉलवर दाखवतो."